‘ज्यानं आमचं घर फोडलं, त्याच्यासाठीच हा काम करणार?’

प्रश्न : माझा मुलगा समाजशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे, चांगली नोकरी मिळेल अशी आमची खात्री होती. पण त्यानं ठरवलंय की तुरुंगाला पर्याय ठरतील अशा उपक्रमांत काम करायचं, लोकांमध्ये राहून गुन्हे कमी करायचे. दोन वर्षांपूर्वी आमचं घर फोडलं होतं. एक कोवळा मुलगा सापडला, त्याला कैद झाली. माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ गेलं ते गेलंच. मी अजून रात्री उठून दाराची कडी तपासते. आणि माझाच मुलगा मला विचारतो, ‘त्याला आत टाकून तुला काय मिळालं, आई?’ हे फार लागलं मला. ज्यानं आमचं घर फोडलं, त्याच्यासाठीच हा काम करणार? असं करिअर खरंच असतं का? त्यात पोट भरतं का? आणि आमच्यासारख्यांचं काय?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या कडीपाशी थांबले. करिअर असतं का, पोट भरतं का, या दोन प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देता येतात. असतं, आणि भरतं, पण उशिरा आणि बेतानं. शेवटच्या प्रश्नावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमचा मुलगा ज्या कामाची स्वप्नं बघतोय ते काम तिथूनच सुरू होतं. ‘आमच्यासारख्यांचं काय’ हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्यानं या क्षेत्रात पाऊल टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानं तुम्हाला विचारलेला प्रश्न खोटा नाही. फक्त तो त्यानं वाद जिंकायला वापरला. ‘तुला काय मिळालं’ असं विचारून समोरच्याचं उत्तर पुरतं ऐकून घेणं, मध्ये न बोलता, हे या पेशाचं मुख्य कौशल्य आहे. ते त्याच्याकडे अजून आलेलं दिसत नाही. वय लहान आहे, येईल.

हे काम जन्माला कसं आलं ते सांगते, म्हणजे त्यात कोण कुठे उभं असतं हे तुम्हाला दिसेल. 1974 मध्ये कॅनडातल्या एल्मायरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी हे तेव्हा प्रोबेशन अधिकारी होते. शिक्षा कैदेत न भोगता बाहेर, देखरेखीखाली राहून भोगायची सवलत ज्याला मिळते, त्याच्यावर लक्ष ठेवणारा आणि त्याला मार्गाला लावणारा तो प्रोबेशन अधिकारी. यांत्झींनी न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात उभं करू. न्यायाधीश तयार झाले. मग ते दोघं दार वाजवत फिरले, मी केलं म्हणून सांगितलं, ऐकून घेतलं, आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणणारे जे कार्यक्रम आज अनेक देशांत चालतात, त्यांची सुरुवात साधारण इथून धरतात. त्यातले दोन मुलगे आपण लक्षात ठेवतो. पण दार उघडणारी माणसंही होती, आणि रात्री काच फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी ‘का’ याचं उत्तर द्यायला आलं होतं.

अशा एका बैठकीला मी स्वतः हजर राहिले आहे, दोन्ही बाजूंच्या परवानगीनं. जागा आणि माणसं ओळखू येणार नाहीत एवढंच सांगते. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नाही. सोळा वर्षांच्या मुलानं एका वयस्क बाईंचा फोन हिसकावला होता. आत आल्या आल्या मुलगा घाईघाईनं ‘सॉरी, चुकलो’ म्हणाला. बैठक चालवणाऱ्या कार्यकर्तीनं त्याला हातानं थांबवलं. म्हणाली, ‘आधी त्यांचं ऐक. माफी नंतर.’ बाई फोनच्या किमतीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्यात माझ्या यजमानांचा आवाज होता. बाहेर पडले की मला निरोप पाठवायचे. ते गेल्यापासून मी रोज एक ऐकायची. ते तू कुठे टाकलेस?’ मुलानं विकण्याआधी सगळं पुसलं होतं. तो खाली बघत राहिला. पुढची दोन-तीन मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. ती शांतता कार्यकर्तीनं मोडली नाही. मला स्वतःला ती सहन होईना, तिच्या जागी मी असते तर काहीतरी बोलून मोकळी झाले असते. मग मुलगा रडला, आणि बाईंनी विचारलं, ‘शाळेत जातोस का?’

ताई, ही गोष्ट इथे संपली असती तर फार गोड झाली असती. लेखी करार झाला: फोनचे पैसे हप्त्यानं, आणि पुढचे काही महिने कार्यकर्तीकडे नियमित हजेरी. तिसरा हप्ता आला नाही, चौथाही आला नाही. कार्यकर्ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याचं काम सुटलं होतं आणि तो लाजेनं तोंड लपवत होता. तिनं त्याला दुसरं काम बघायला मदत केली, हप्ता छोटा करून घेतला, आणि त्याआधी बाईंना फोन करून त्यांची संमती विचारली. करिअर म्हणून बघाल तर ऐंशी टक्के काम हेच: वहीत तारखा, न उचललेले फोन, आणि पुन्हा वाजवलेलं दार. गोलातल्या खुर्च्या हा त्यातला थोडासा भाग. त्या बैठकीआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटून, नको असेल तर नको म्हणायची मोकळीक देऊन, किती तरी तास गेले होते.

‘यानं गुन्हे कमी होतात का?’ हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला ऐकू येतोय. समोरासमोरच्या बैठकांवरचे 10 नियंत्रित प्रयोग (बैठकीची वाट मिळालेली आणि न मिळालेली प्रकरणं ताडून बघणारे) एकत्र तपासणारा आढावा 2013 मध्ये निघाला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण त्यात घटलेलं दिसलं, पण घट बेताची होती, चमत्कार नव्हता. ठळक फरक पीडितांमध्ये दिसला. आघाताचा त्रास कमी, सूडाची भावना कमी, आणि आपल्याला नीट वागवलं गेलं हे समाधान जास्त. म्हणजे ज्यांची बाजू सोडली जाईल अशी तुम्हाला भीती वाटते, त्यांनाच याचा मोठा आधार मिळतो.

आता या कामात शिरायची दारं कुठली आहेत ते बघू.

सगळ्यात जुनं दार प्रोबेशनचं. 1841 मध्ये बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभारानं कोर्टात उभ्या केलेल्या दारुड्याची हमी घेतली आणि तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, नीटनेटका करून परत आणलं. न्यायाधीशांनी नाममात्र एक सेंट दंड केला. 1859 मध्ये वारेपर्यंत ऑगस्टसनं सुमारे 2000 जणांची हमी घेतली, तीही कोणाचा पगारी नोकर नसताना. आज हे रीतसर पद आहे, पगार ठरलेला आहे, बढती आहे. तुमच्या काळजीला सगळ्यात जवळचं उत्तर हेच. संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये कैदेवाचूनच्या शिक्षांसाठी जे ‘टोकियो नियम’ मंजूर केले, त्यांत कर्मचारी कसे निवडावेत आणि कसे शिकवावेत यावर वेगळा भाग आहे. मुलानं तो आधी वाचावा, पुढचा अभ्यासक्रम निवडताना कामी येईल.

दुसरं दार अल्पवयीन मुलांच्या न्यायाचं. न्यूझीलंडनं 1989 च्या कायद्यानं ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ सुरू केली. माओरी समाजात कुटुंबकबिल्यानं मिळून निर्णय घ्यायची जी रीत आहे तिच्यातून ती आली. मुलगा, त्याचे नातेवाईक, पीडित आणि पोलीस एकत्र बसतात, आणि ही बैठक जुळवून आणणं हेच एका अधिकाऱ्याचं पूर्णवेळ काम असतं.

तिसऱ्या दाराबद्दल मुलाच्या मनात बहुधा गैरसमज असेल, म्हणून जरा थांबते. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी आफ्रिकेत क्षय, कॉलरा आणि एड्सवर काम केलं होतं. परतल्यावर शिकागोतल्या गोळीबाराकडेही त्यांनी साथीसारखंच बघितलं. एक गोळी दुसरीला जन्म देते, तर मधली साखळी तोडायची. 2000 मध्ये शिकागोत तो उपक्रम सुरू झाला. त्यात सूडाची धग पेटलेल्या मुलांशी जाऊन बोलणारी माणसं त्याच भागातली असतात, बऱ्याचदा स्वतः तुरुंग भोगून आलेली. त्यांच्या शब्दाला वजन असतं. तुमच्या मुलाच्या शब्दाला तिथे ते वजन नसेल, कितीही पदव्या घेतल्या तरी. हे त्यानं मनाला लावून घेऊ नये. नोंदी ठेवणं, निष्कर्ष तपासणं, प्रशिक्षण देणं, पैसा उभा करणं, त्या कार्यकर्त्यांना मानसिक आधार मिळेल हे बघणं, यासाठीही माणसं लागतात आणि चांगली मिळत नाहीत. समाजशास्त्राचा विद्यार्थी इथे शोभून दिसेल. निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, काही भागांत हिंसा घटली, काही भागांत नाही. ते प्रामाणिकपणे मोजणारा माणूस संस्थेत असणं फार मोलाचं असतं.

आणि एक दार असं, जिथे गुन्हा किंवा गुन्हेगार हे शब्दही फारसे कानावर येत नाहीत. फिलाडेल्फियात संशोधकांनी 541 पडीक जागा निवडल्या. त्यांतल्या काही साफ करून गवत आणि झाडं लावली, ठेंगणं लाकडी कुंपण घातलं. काही नुसत्याच साफ केल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. दारिद्र्यरेषेखालच्या भागांत, जिथे जागा सुधारल्या तिथे आसपासचा गोळीबार 29 टक्क्यांनी घटला. 2018 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘गुन्हेगारांमध्ये वावरणं’ एवढंच चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. सुरक्षितता नगररचनेतून येते, दिव्यातून येते, व्यसनमुक्तीच्या खाटेतून येते. या प्रत्येकात नोकऱ्या आहेत.

धोकेही सांगते, त्यालाही वाचून दाखवा. यातलं बरंच काम अनुदानावर चालतं आणि अनुदान आटतं. अमेरिकेतल्या युजीन शहरात 1989 पासून मानसिक संकटातल्या माणसाकडे पोलिसांऐवजी एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक अशी जोडी पाठवली जायची. जगभर त्याचे दाखले दिले गेले. पैशाची तंगी झाली आणि 2025 च्या एप्रिलमध्ये त्या शहरातली ती सेवा थांबली. नाव मोठं म्हणून नोकरी पक्की, असं इथे नसतं. म्हणून मुलांना मी नेहमी सांगते, हाताशी एक पक्की पदवी ठेवा: समाजकार्य, कायदा किंवा मानसशास्त्र, म्हणजे एक संस्था बंद पडली तरी दुसरीकडे जाता येतं. पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना इमारत बघू नका, क्षेत्रकार्याचे तास किती आणि त्या तासांत अनुभवी माणूस सोबत असतो का, ते विचारा.

दुसरा धोका आतला. रोज दुसऱ्याचं दुखणं ऐकून ते अंगाला लागतं. झोप जाते, घरच्यांवर चिडचिड होते. जिथे कार्यकर्त्यांसाठी नियमित देखरेख आणि बोलायला जागा नाही, अशा संस्थेत पहिली नोकरी धरू नये. पगार थोडा जास्त असला तरी.

आणि तिसरा धोका तत्त्वाचा. उत्साही माणसं पीडितावर नकळत क्षमेचा दबाव आणतात. ‘तुम्ही मोठं मन करा’ हे वाक्य या क्षेत्रात कोणी उच्चारू नये. घरातल्या मारहाणीसारख्या प्रकरणांत, जिथे एक बाजू दुसरीला घाबरून असते, समोरासमोर बसवणं धोक्याचं ठरू शकतं. काही माणसं अशीही असतात की त्यांना काही काळ लोकांपासून दूर ठेवावंच लागतं, आणि हे मान्य केल्यानं कामाची धार कमी होत नाही. उलट किरकोळ चुकांसाठी, जिथे समज देऊन सोडलं असतं, तिथेही हजेरी, देखरेख, अटी लादत गेलं तर पर्यायाच्या नावाखाली शिक्षेचं जाळंच रुंदावतं. तुमच्या मुलाला हे तिन्ही मुद्दे पटत नसतील, तर त्यानं एक वर्ष थांबून आधी पीडितांना मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करावं. खरं तर पटत असतील तरी हेच करावं. पहिलं वर्ष पीडितांच्या बाजूला बसून काढलेल्या माणसांना पुढे दोन्ही बाजू चांगल्या उमजतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

पदवीची परीक्षा झाली की त्याला एका संध्याकाळी तुमच्यासमोर बसू द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यानं वही घ्यावी आणि अशा बैठकांत जे विचारतात तेच विचारावं. त्या रात्री काय झालं? तेव्हा मनात काय आलं? तेव्हापासून काय बदललं? आणि आता तुला काय हवंय? तुम्ही काय सांगाल ते मला माहीत नाही. कदाचित घड्याळाबद्दल सांगाल, ते वडिलांच्या हातावर कसं दिसायचं. कदाचित तो मुलगा सुटून आला का, कुठे राहतो, पुन्हा आपल्याच दाराशी येईल का, हे विचारावंसं वाटेल. कदाचित काहीच नको असेल, ‘मला त्याचं नावही ऐकायचं नाही’ म्हणाल, तेही पूर्ण उत्तर आहे. त्यानं फक्त लिहून घ्यायचं. समजूत घालायची नाही, आकडे सांगायचे नाहीत.

तो शेवटपर्यंत बसू शकला, तर मला पुन्हा लिहा. अर्ज कुठे आणि कसा करायचा ते मग आपण तिघं मिळून बघू.