शेजारच्यांचं बघून ॲस्पिरिन सुरू करावी का?

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे, डायबेटिस आहे पण हार्टचा त्रास कधीच नव्हता. शेजारच्या काकांची बायपास झालीय, ते रोज ७५ची ॲस्पिरिन घेतात, ते बघून बाबांनी पण मेडिकलमधून आणून सुरू केलीय. आणि आईला गेल्या वर्षी पॅरालिसिसचा छोटा झटका येऊन गेला, तिला डॉक्टरांनीच ही गोळी दिलीय, तर तिने दात काढायचाय म्हणून परवापासून स्वतःच बंद केली. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय, जिला गोळी हवी तिने सोडली आणि ज्यांना बहुतेक नकोय त्यांनी धरली. आधी आईचं बघा, आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा. एक दात काढायला एकटी ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही, डेंटिस्ट तिथेच दाबून, टाका घालून रक्त थांबवतात. ही गोळी प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, आणि एकदा निकामी झालेली प्लेटलेट मरेपर्यंत म्हणजे ७ ते १० दिवस तशीच राहते, पण शरीर रोज नव्या बनवत असतं त्यामुळे गोळी सुटली की थोड्याच दिवसांत संरक्षण जातं. २००२ साली अशा गोळ्यांच्या २८७ अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, जवळपास १ लाख ३५ हजार पेशंट, त्यात आईसारख्या आधीच झटका येऊन गेलेल्या किंवा जास्त धोका असलेल्या लोकांमध्ये अशा गोळ्यांमुळे मोठे झटके साधारण पाव हिश्शाने कमी झाले. हे थोडं नाही हो!

बाबांचं गणित वेगळं आहे. २०१८ला ब्रिटनमधल्या १५,४८० डायबेटिसवाल्यांचा, पण हार्टचा आजार नसलेल्यांचा, अभ्यास आला, सात-साडेसात वर्षं रोज १०० मिलिग्रॅम. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला, म्हणजे हजारात ११ जणांचं टळलं आणि ९ जणांना नवीन दुखणं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९ हजारांवर वयस्कर लोकांच्या अभ्यासात, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, हार्टला ठोस फायदा दिसलाच नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. त्यामुळे स्टेंट, बायपास, झटका यातलं काहीच नसेल तर बाबांनी ही गोळी चालू ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांच्या डॉक्टरांना दाखवून बंद करा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेत असतील तर तेही नक्की सांगा, दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि शी काळीकुट्ट, चिकट झाली तर सरळ हॉस्पिटल.

अजून एक, आईचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, गुठळी आहे की मेंदूत रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेव्हा त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या आणि निघा.