मॅचच्या सकाळी लेकीचं पोट दुखतं

प्रश्न: आम्ही कळव्याला राहतो. मुलगी १३ वर्षांची, ठाण्यात बॅडमिंटनला जाते. प्रॅक्टिसला मस्त खेळते पण टूर्नामेंट असली की पहाटेपासून पोट दुखतं, दोनदा उलटीही झाली, डॉक्टर म्हणाले काही नाहीये. हे मॅच मोबाईलवर शूट करतात आणि रात्री जेवताना चुका दाखवतात. मागच्या वेळी १९-१७ ने पुढे असताना तिची सर्व्हिस नेटमध्ये गेली, गेम गेला, तेव्हापासून रॅकेट बॅगमधून काढलेली नाही. नाटक करतेय का हो?
– एक आई

उत्तर: ताई, नाटक अजिबात नाही. भीती वाटली की अंगात ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोट ढवळतं. पोट खरंच दुखतंय तिचं, "काही होत नाही, चल" म्हटलं की तिला वाटतं आपल्यावर विश्वासच नाही कुणाचा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, रिओ ऑलिम्पिकमध्ये ४ गोल्ड जिंकलेली, २०२१ मध्ये टोकियोच्या टीम फायनलमधून मन ठिकाणावर नाही म्हणून बाहेर पडली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये परत येऊन ३ गोल्ड घेतले. इतक्या मोठ्या खेळाडूचं असं होतं, ही तर लेकरू आहे.

मला खरी काळजी त्या जेवणाच्या ताटाची वाटते. १९-१७ ची ती सर्व्हिस तिच्या डोळ्यासमोर आधीच शंभरदा येऊन गेली असेल, वर आमटीभात खाताना बाबा तीच पॉज करून दाखवतात, मग घास उतरणार कसा? व्हिडिओ कोचला द्या, तो प्रॅक्टिसला बघेल. घरी येताना स्कूटरवर स्कोअरचा विषय नको, भूक लागली का एवढंच विचारा.

सर्व्हिसच्या आधी नाकाने श्वास घेऊन तोंडाने हळूहळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, हे प्रॅक्टिसलाच रोज करायला सांगा, मॅचमध्ये एकदम आठवत नाही. रॅकेट मात्र तिची तिला काढू दे. महिनाभर नाही काढली तरी चालेल.

झोप, जेवण, शाळा बिघडत चालली तर थांबू नका, समुपदेशकाला भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या मॅचला आईबाबांनी आत बसायचं का, हे तिलाच विचारा. नको म्हणाली तर दोघं बाहेर टपरीवर चहा घ्या, राग मानू नका.