चार मांजरांपैकी लघवीचा त्रास नेमका कोणाला आहे, हे कसं ओळखायचं?

चार मांजरं, त्यांच्या शी-शूचे दोन ट्रे, एका ट्रेमध्ये गुलाबीसर डाग, आणि खाण्यापिण्यात चौघंही ठणठणीत. मग दुखणं कोणाचं, असा तुमचा प्रश्न आहे. त्यावर माझा उलटा प्रश्न: चौघांत बोका आहे का?

असेल, तर पुढचं नंतर वाचा, आधी त्याच्यावर नजर ठेवा. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गुठळी अडकली की शू बंद होते. नसबंदी झालेला असला तरी हा धोका असतोच. तो पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, शूची जागा सारखी चाटतो, आणि खाली थेंब पडतो किंवा तोही नाही. लांबून बघताना शी होत नाहीये असंच वाटतं. मग घरातलं कोणीतरी वडीलधारं एरंडेलाची बाटली काढतं. तसं करू देऊ नका. अडलेल्या शूमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही, बोका दगावू शकतो. उलट्या सुरू झाल्या, तो सुस्त पडला, म्हणजे वेळ बरीच गेलेली असते. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पोट दाबून बघायचं नाही. वेदना कमी व्हाव्यात म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजरासाठी ते विष आहे.

बोका मोकळी शू करतोय किंवा चौघी मांजरीच आहेत, तर शोधायला थोडी सवड आहे. ट्रेमध्ये शूने ओलं झालं की गोळे धरणारं लिटर (मांजराच्या ट्रेत घालायची तयार माती) वापरा. बांधकामाच्या वाळूत काही कळत नाही. सुपारीएवढे पुष्कळ गोळे दिसले तर मूत्राशयाला सूज असण्याची शक्यता जास्त. उलट गोळे अचानक मोठे झाले आणि पाण्याचं भांडंही लवकर रिकामं होऊ लागलं, तर मधुमेह, मूत्रपिंड किंवा थायरॉइडकडे बघावं लागतं, विशेषतः वयस्क मांजरात.

संशयिताला एका रात्रीपुरतं वेगळ्या खोलीत, स्वतःच्या ट्रेसह ठेवणं हा सरळ उपाय. पण एकटं पडल्यावर घाबरून शू धरून ठेवणारी मांजरं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला ट्रेवर रोखलेला स्वस्तातला वायफाय कॅमेरा जास्त आवडतो. डॉक्टर एका मांजराला फ्लुरोसिन नावाचा रंगही देऊ शकतात. मग त्याची शू अतिनील टॉर्चखाली चमकते. हे घरच्या घरी करायचं काम नाही.

मोरीत, बेसिनमध्ये, गार फरशीवर शू दिसली तर त्यात खोडसाळपणा शोधू नका. ट्रेमध्ये दुखतं, म्हणून ते मांजर ट्रे टाळतं. शेपूट ताठ करून उभ्या-उभ्या भिंतीवर फवारा मारणं हा मात्र बहुतेकदा हद्दीचा मामला असतो.

असा त्रास असलेल्या दहा वर्षांखालच्या मांजरांच्या लघवीत बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. मूत्राशयाला सूज येते आणि तिच्यामागे बऱ्याचदा ताण असतो. ही सूज अनेकदा आठवडाभरात आपोआप उतरते, म्हणून शेजारणीने दिलेलं अँटिबायोटिक लागू पडल्यासारखं वाटतं! अनेक मांजरांच्या घरात हा ताण डोळ्यांना दिसत नाही. मारामारी नसते, फक्त एक जण ट्रेच्या वाटेवर पाय पसरून बसतो आणि दुसरी मुकाट परत फिरते. चार मांजरांना पाच ट्रे हा नियम टू बीएचकेत हास्यास्पद वाटतो, मान्य. पण शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच, तेव्हा निदान तुमचे दोन तरी वेगवेगळ्या खोल्यांत न्या.

डॉक्टरांकडे जाताना गोळा नको, त्याचा फोटो आणि कुंथण्याचा व्हिडिओ न्या. तपासणीची लघवी ते बहुधा सुईने थेट मूत्राशयातून घेतात. खडे निघाले तर कोणते ते विचारा: स्ट्रुव्हाइट खास खाद्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. आणि खास खाद्य लिहून दिलं, तर चौघांच्या ताटल्या दारं लावून वेगळ्या मांडायची तयारी ठेवा. नाहीतर ते महागडं खाद्य धडधाकट तिघं फस्त करतात आणि आजारी मांजर त्यांच्या ताटल्या चाटत बसतं.