ओटीपीचा ३० सेकंदांचा टायमर कधी लगेच संपतो, कधी दुप्पट पळतो, कधी मागे पडतो, जावास्क्रिप्टमध्ये माझं नक्की कुठं चुकतंय?

प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं, कारण यातली एकूण एक चूक मी स्वतः करून बसलोय, आणि त्यातली एक तर चालू परीक्षेत, ते पुढं सांगतो.

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॉगिन पेज केलंय, ओटीपी पाठवला की ३० पासून उलटी मोजणी आणि मग 'पुन्हा पाठवा' बटण चालू व्हायला पाहिजे, पण पेज उघडताच 'वेळ संपली' येतं, ते कसंबसं सुधारलं तर बटण दोनदा दाबल्यावर आकडे दुप्पट वेगानं पळतात, मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलं की टायमर मागेच राहिलेला असतो, आणि खालच्या यादीतलं कुठलंही 'काढा' बटण दाबलं तरी शेवटचीच ओळ जाते. वेगवेगळे चार रोग वाटतात, पण मूळ एकच आहे. फंक्शन दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं आणि फंक्शन चालवणं वेगळं, आणि एकदा हातात दिलं की ते कधी, कितीदा आणि कुणाच्या नावानं चालणार हे तुमच्या हातात राहत नाही.

पहिली गोष्ट साधी आहे. तुमच्या कोडमध्ये असं आहे (मी फंक्शनची नावं मराठीत लिहितो, आणि मजा म्हणजे जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतातसुद्धा, फक्त कंपनीत असं काही करू नका):

सेटटाइमआउट(वेळसंपली(), ३००००)

सेटटाइमआउट म्हणजे 'एवढ्या मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव' असं ब्राउझरला सांगणं. पण फंक्शनच्या नावापुढं ब्रॅकेट लावले की जावास्क्रिप्ट ते फंक्शन तिथल्या तिथं चालवतं. म्हणजे 'वेळ संपली' आधी दिसलं, त्या फंक्शननं काहीच परत दिलं नाही, मग सेटटाइमआउटच्या हातात पडलं 'अनडिफाइन्ड', म्हणजे किंमतच नाही, आणि ३० सेकंदांनी ब्राउझरनं गुपचूप काहीच केलं नाही. एररसुद्धा नाही, हेच तर डोकं फिरवणारं. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारं सॉफ्टवेअर) हेच लिहिलं असतं तर त्यानं लगेच आरडाओरडा केला असता, ब्राउझर मात्र गप्प बसतो. ब्रॅकेट काढा, नुसतं वेळसंपली लिहा, झालं. आत काही पाठवायचं असेल तर ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळा, () => दाखव(नाव), किंवा सेटटाइमआउटला मिलिसेकंदांच्या पुढं ते लिहा, तो ते फंक्शनला पोचवतो. हीच गफलत लोक क्लिकच्या लिसनरमध्ये (क्लिक झाला की चालायचं फंक्शन) करतात, क्लिक, पाठव() असं लिहितात आणि मग विचारतात की पेज उघडताच ओटीपी का गेला. आणि जुन्या ट्युटोरियलमध्ये फंक्शनच्या जागी अवतरणचिन्हात कोड दिलेला दिसेल, तो चालतो, पण तो इव्हालसारखा, म्हणजे नुसत्या मजकुराचाच कोड बनवून, चालतो, त्या वाटेला जाऊ नका.

आता 'कधी' चालणार. इथं मला आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठवते. तुम्ही दळणाचा डबा ठेवता, गिरणीवाला म्हणतो अर्ध्या तासानं या, याचा अर्थ अर्ध्या तासाच्या आत मिळणार नाही एवढाच, बरोबर अर्ध्या तासाला मिळेल असं तो कधीच म्हणत नाही, कारण चक्की एकच आहे आणि त्यात कुणाची दहा किलो ज्वारी चालू असेल तर तुमचा डबा वेळ होऊनही बसून राहतो. जावास्क्रिप्टच्या पेजची चक्की एकच. सेटटाइमआउटला १००० दिलं म्हणजे एक सेकंद झाल्यावर डबा रांगेत लागला, चक्की मोकळी झाली की दळलं जाणार. म्हणून शून्य दिलं तरी ते फंक्शन 'आत्ता' चालत नाही, हातातला सगळा कोड संपल्यावर चालतं. आणि मध्ये तुम्ही एखादा दोन सेकंद खाणारा लूप लावला तर टायमर पण थांबणार, क्लिक पण थांबणार, सगळंच. प्रॉमिसचं (नंतर येणाऱ्या उत्तराचं) 'देन', म्हणजे ते उत्तर आल्यावर चालायचं फंक्शन, मात्र गिरणीवाल्याच्या घरच्या दळणासारखं असतं, चक्की मोकळी झाली की आधी घरचे डबे सगळे उरकतो आणि मग रांगेतले. त्यामुळं शून्याचा टायमर आधी लिहिला आणि प्रॉमिस नंतर, तरी कन्सोलमध्ये प्रॉमिसचं वाक्य आधी येतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, घोकू नका, डबे आठवा.

दुप्पट पळणाऱ्या टायमरचं सांगतो. सेटइंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळानं फंक्शन पुन्हा पुन्हा चालवणारा, लावला की तो तुम्हाला एक नंबर परत देतो, टोकन समजा. तुम्ही तो टायमरआयडी नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय, इथपर्यंत बरोबर. बटण दुसऱ्यांदा दाबलं की दुसरा इंटरव्हल सुरू, नवं टोकन जुन्याच्या जागी बसलं, आणि जुनं टोकन हरवलं. आता दोन इंटरव्हल एकाच आकड्यातून एक-एक वजा करतायत, आणि क्लिअरइंटरव्हलला दिलं जातं ते फक्त दुसऱ्याचं टोकन, म्हणजे पहिला जन्मभर चालू. म्हणूनच तुमच्या स्क्रीनवर उणे बारा, उणे तेरा दिसतंय. उपाय एका ओळीचा, नवा लावण्याआधी जुन्याचा क्लिअरइंटरव्हल, नेहमी, तो चालू असो नसो, बंद झालेलं टोकन दिलं तरी काही बिघडत नाही. आणि बटण दाबल्याबरोबर डिसेबल करा, नाहीतर अधीर माणूस तीनदा दाबतो आणि त्याला तीन ओटीपी जातात.

यालाच जोडून, लिसनर. तुमचं सुरुवात() हे फंक्शन तुम्ही दोन ठिकाणांहून बोलावताय, आणि त्यात क्लिकचा लिसनर ॲरो फंक्शन म्हणून लावलाय. दिसायला कोड तोच असला तरी प्रत्येक वेळी ते ॲरो फंक्शन नवीन जन्माला येतं, त्यामुळं एकाच बटणावर दोन लिसनर बसले. नाव असलेलं तेच फंक्शन दोनदा लावलं असतं तर ब्राउझरनं दुसऱ्यांदा दुर्लक्ष केलं असतं. काढतानाही तेच, रिमूव्हइव्हेंटलिसनरला नेमकं तेच फंक्शन लागतं, तसंच दिसणारं चालत नाही, आणि बाइंड केलेलं (कुणाच्या नावानं चालायचं ते आधीच बांधून दिलेलं) तर अजिबात नाही कारण बाइंड दरवेळी नवं फंक्शन बनवून देतं. माझे यात दोन दिवस गेलेत एकदा.

आता परीक्षेची गोष्ट. एका क्लासला मी ऑनलाइन सराव परीक्षा करून दिली होती, ६० मिनिटांचा पेपर, वर घड्याळ, आणि घड्याळ म्हणजे काय तर सेटइंटरव्हल, दर १००० मिलिसेकंदाला एक वजा. टेस्ट करताना सगळं झकास. परीक्षेच्या दिवशी मुलांनी काय केलं तर दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन उत्तरं शोधली (अपेक्षितच होतं म्हणा), आणि वीस मिनिटांनी परत आलेल्या मुलाच्या घड्याळात जेमतेम पाच मिनिटं कमी झालेली. सरांचा फोन, की पोरांनी वेबसाइट हॅक केली. हॅक कुणी केलं नव्हतं, मीच येडा. टॅब मागे गेला की ब्राउझर बॅटरी वाचवायला टायमर सेकंदातून एकदाच चालू देतात, आणि क्रोमनं २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीपासून आणखी आवळलं, पेज पाच मिनिटं मागे पडून असेल तर असे पुन्हा पुन्हा चालणारे टायमर मिनिटातून एकदा. म्हणजे पाच मिनिटं नीट चाललं, पुढच्या पंधरा मिनिटांत मोजून पंधरा सेकंद. मोबाईलवर तर ब्राउझर मागे गेला की बऱ्याचदा पूर्ण थांबतंच, तुमचं ओटीपीवालं नेमकं हेच होतंय.

म्हणून इंटरव्हलचे ठोके मोजून वेळ काढायचीच नाही. सुरुवातीला एकदाच लिहून ठेवा, संपण्याची वेळ म्हणजे डेट.नाऊ() अधिक ३००००, आणि प्रत्येक ठोक्याला फक्त वजाबाकी करा, संपण्याची वेळ वजा आत्ताची वेळ, भागिले १०००, वरच्या पूर्णांकाला नेलं की झाला आकडा. ठोका उशिरा पडला, दहा ठोके बुडाले, तरी परत आल्यावर आकडा बरोबरच. व्हिजिबिलिटीचेंज हा इव्हेंट ऐकून टॅब समोर येताक्षणी तेच फंक्शन एकदा चालवा म्हणजे जुना आकडा क्षणभरही दिसणार नाही. आणि खरी वेळ सर्व्हरवर तपासा, कारण मोबाईलचं घड्याळ पुढं करणं दहावीच्या मुलालाही येतं. जाता जाता, सेटटाइमआउटला २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आकडा देऊ नका, हे साधारण २४.८ दिवस होतात, त्याच्या पुढं गेलं की आकडा उलटतो आणि महिन्याभरानं वाजायचं ते लगेच वाजतं.

तुमच्या कोडच्या एका जागी आकड्याऐवजी 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही) दिसतंय म्हणालात ना, ते 'कुणाच्या नावानं' वालं प्रकरण. तुम्ही टायमर.कमीकर असं दिलंय, ब्रॅकेट नाहीत, शाब्बास, पण फंक्शन दिलं तेव्हा टायमर मागेच राहिला, गेलं ते नुसतं कमीकर. ब्राउझरनं ते चालवलं तेव्हा आतला 'धिस' (फंक्शन ज्याच्या नावानं चालतं तो) म्हणजे ब्राउझरची विंडो, विंडोवर सेकंद नावाचं काही नाही, नसलेल्यातून एक वजा म्हणजे नॅन. () => टायमर.कमीकर() असं द्या, कारण इथं फंक्शन बोलावताना टायमर सोबत असतो.

'काढा' बटणांचं कोडं सगळ्यात जुनं आहे. लूपमध्ये तुम्ही व्हार ओळ = ओळी[आय] लिहिलंय आणि त्याच्या खाली क्लिकच्या फंक्शनमध्ये ओळ.रिमूव्ह(). व्हारचं व्हेरिएबल अख्ख्या फंक्शनमध्ये एकच असतं, लूप पाचदा फिरला तरी ओळ नावाचा डबा एकच, त्यात दरवेळी नवी ओळ टाकली, शेवटी आत राहिली पाचवी. क्लिक होतो कधी, लूप संपून मिनिटभरानं. तेव्हा प्रत्येक बटणाचं फंक्शन त्याच एका डब्यात डोकावतं. फंक्शन व्हेरिएबलची किंमत लक्षात ठेवत नाही, व्हेरिएबलच लक्षात ठेवतं. २०१५ मध्ये लेट आणि कॉन्स्ट आले तेव्हापासून लूपच्या प्रत्येक फेरीला वेगळा डबा मिळतो, त्यामुळं व्हार खोडून कॉन्स्ट केलंत तरी हे एवढं सुटेल.

पण माझं ऐकाल तर प्रत्येक बटणाला लिसनर लावूच नका. उद्या यादीत सहावी ओळ आली की तिचं बटण मुकं, कारण लिसनर लावला तेव्हा ती नव्हतीच. लिसनर बाहेरच्या यादीला एकच लावा, क्लिक आतून वर चढत येतोच, मग इव्हेंटच्या टार्गेटवर (जिथं बोट पडलं तो घटक) क्लोझेस्ट, म्हणजे तिथून बाहेरच्या दिशेनं शोधणारं फंक्शन, वापरून 'काढा' बटण शोधा, तिथून त्याची ओळ. क्लोझेस्ट का, तर बटणात कचऱ्याच्या डब्याचा आयकॉन असेल आणि बोट त्यावर पडलं तर टार्गेट आयकॉन असतो, बटण नाही. पण फोकस आणि ब्लर हे इव्हेंट असे वर चढत नाहीत, त्यांच्यासाठी फोकसइन, फोकसआउट आहेत.

नलवर (म्हणजे न सापडलेल्या बटणावर) ॲडइव्हेंटलिसनर वाचता येत नाही ही लाल ओळ येतेय कारण स्क्रिप्ट हेडमध्ये आहे आणि ती चालते तेव्हा बटण पेजवर आलेलंच नसतं. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगला डिफर (पेज वाचून झाल्यावर चालव) लावा, विषय संपला. लोड या इव्हेंटची वाट बघू नका, तो सगळे फोटो उतरेपर्यंत येत नाही.

शेवटचं, ओटीपी पाठवणारं फंक्शन 'अनडिफाइन्ड' का देतं. तुम्ही रिटर्न लिहिलंय ते 'देन'च्या आतल्या फंक्शनमधून, ते त्या आतल्याचं रिटर्न, बाहेरचं फंक्शन केव्हाच रिकाम्या हातानं घरी गेलं. बाहेरच्याला असिंक करा, आत अवेट फेच (सर्व्हरला विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब), आणि जिथून बोलावताय तिथंही अवेट, हे दुसरं बहुतेक जण विसरतात. रिस्पॉन्सचं ओके पण तपासा, सर्व्हरनं ५०० (सर्व्हरची चूक) दिला तरी फेच त्याला अपयश मानत नाही, नेट तुटणं वगैरे कारणानं उत्तरच हाती आलं नाही तर मानतो. आणि बटण फॉर्ममध्ये ठेवलंत आणि त्याला टाइप दिला नाही तर ते सबमिट ठरतं, क्लिक झाला की अख्खं पेज रीलोड होऊन तुमचा टायमर पुसला जातो. टाइप बटण करा, किंवा सबमिटच्या इव्हेंटवर प्रिव्हेंटडिफॉल्ट.

आधी ब्रॅकेट आणि क्लिअरइंटरव्हल एवढं करून बघा, मग घड्याळाची वजाबाकी. तरी अडलं तर बदललेला कोड प्रश्नातच चिकटवा, स्क्रीनचा फोटो नको, फोटोतला कोड मला चालवून बघता येत नाही.