नागरिकशास्त्र शिकवायचं असेल तर आधी शाळेचं प्रोसिडिंग मुलांसमोर उघडा

प्रश्न: शाळांमधलं नागरिकशास्त्राचं शिक्षण भक्कम कसं करता येईल? पुस्तकं बदलावीत, गुण वाढवावेत की जास्त तास द्यावेत?

पुस्तकांत फारसं काही बिघडलेलं नाही. आपल्या राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळं आहे, सातवीत संविधान आणि मूलभूत हक्क, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था. दहावीला 40 गुणांच्या पेपरात राज्यशास्त्र इतिहासाच्या मागून येतं आणि शेवटच्या आठवड्यात पाठ करून निभावतं. गुण वाढवाल तर पाठांतर वाढेल, एवढंच. पुस्तक मिटल्यावर मुलाला जी शाळा दिसते, तिथे खरी गडबड आहे.

मी हे पालक म्हणून लिहितेय. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला असताना मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21: समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, सचिव मुख्याध्यापक. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं हे समितीचं काम. कागदावर याहून चांगली व्यवस्था मला तरी सुचणार नाही.

एका संध्याकाळी मुलीने दप्तरातून प्रोसिडिंग बुक, म्हणजे समितीच्या सभांचं इतिवृत्त लिहायची वही, काढलं. "सरांनी सांगितलंय, आईची सही आण." उघडून पाहिलं तर झालेलीच नाही अशी सभा आत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. विषय क्रमांक एक, वार्षिक अनुदानाच्या खर्चास मंजुरी. ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून माझं नाव. शेवटी नेहमीचं वाक्य, अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले. माझ्या नावाआधीच्या सगळ्या सदस्यांच्या सह्या झालेल्या होत्या.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गात स्थानिक शासनाचा धडा चालू होता. ग्रामसभा, सरपंच, ठराव. पोरगी धडा घडाघडा म्हणून दाखवायची, आणि तेच पोर न झालेल्या सभेचं पुस्तक दारोदार फिरवत होतं. त्या दिवशी ती नागरिकशास्त्र शिकलीच, फक्त उलटं.

मी सही केली नाही. वही परत पाठवली, सोबत चिठ्ठी: सभा बोलवा, मी येते. घरात वादळ झालं. मुलगी रडली, सर रागावतील म्हणून. आमचे धाकटे दीर स्वतः माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, "वहिनी, एका सहीने काय बिघडतं? सगळीकडे असंच चालतं. शाळेत राजकारण आणू नका, पोरीला त्रास होईल." हा विषय शिकवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सभा झाली. सहावी-सातवीच्या मुलांनी मागे बसून ऐकावं असं मी सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांपुढे हिशोब नको. मी म्हटलं, हिशोब त्यांच्याच शाळेचा आहे, आणि समितीत विद्यार्थ्यांना बसवायची सोय नियमांतच आहे. बऱ्याच ओढाताणीनंतर मुलं बसली. मग बिलं निघाली. कुणी पैसे खाल्लेले नव्हते, हे स्पष्ट सांगते. मोठा वाटा वीजबिलात गेला होता, थोडा खडू-कागदात, आणि उरलेले भिंत रंगवायला ठेवले होते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ मात्र कधीचा बंद होता. सातवीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, रंगाआधी नळ नाही का होणार? पालकांनी हात वर केले, रंग मागे पडला, नळ आधी झाला. पाच मिनिटांचं काम. मुख्याध्यापकांना सभा हा त्रास वाटायचा, म्हणून ती घरबसल्या लिहिली जायची. त्यात चोरी नव्हती, पण सभा न घेता मंजुरी लिहायची ही सवय मुलांसमोर रोज गिरवली जाते आणि तीच त्यांना लागते.

तेव्हा तुम्हाला माझं उत्तर हे. समितीची सभा मुलांना दिसेल अशी घ्या. अनुदान किती आलं, कशावर गेलं, हे फळ्यावर लिहा. टक्केवारीचं गणितही होऊन जाईल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरला गावात सहसा ग्रामसभा असते, शाळेतल्या कार्यक्रमानंतर खाऊ वाटून मुलांना घरी पाठवण्यापेक्षा मोठ्या वर्गांना तिथे नेऊन बसवा. मत त्यांना नाही, कान आहेत. शालेय मंत्रिमंडळ बहुतेक ठिकाणी फोटोपुरतं असतं. त्याला एक तरी खरा निर्णय द्या, खेळाचं साहित्य काय घ्यायचं एवढा का होईना. परिपाठात उद्देशिका रोज म्हणून घेता, चांगलंच आहे, पण त्यातल्या "न्याय" या शब्दावर महिन्यातून एकदा तरी मुलांना भांडू द्या. सहावीतलं मूल सहा-सात वर्षांत मतदार होतं. तोवर त्याने एकही खरी सभा पाहिलेली नसेल तर आपण त्याला काय शिकवलं?

हेही खरं की दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाकडून हे सगळं मागणं जड आहे. निवडणूक आणि जनगणनेची कामं त्यांच्यावर कायद्यानेच येतात. विनाअनुदानित खाजगी शाळांना तर कलम 21 लागूच नाही. तिथे पालकांनी काय करावं, यावर तिथल्या पालकाने लिहिलेलं बरं.

मुलीला पुढे शाळेत काही त्रास झाला नाही. दिरांचं म्हणणं मात्र अजून तेच आहे, मुलं लहान असतात, त्यांना काय कळतं. त्यांच्या वर्गाचा मॉनिटर दरवर्षी ते स्वतःच नेमतात, बहुतेक वेळा पहिल्या नंबरचा मुलगा. भाऊजी, तुम्ही हे वाचाल म्हणून इथेच लिहिते: येत्या जूनमध्ये चिठ्ठीवर नाव लिहून, मतदानाने मुलांना मॉनिटर निवडू द्या, आणि निवडलेलं पोर तुम्हाला पसंत पडलं नाही तरी वर्षभर बदलू नका.