चौथीतल्या मुलीचा चरित्रनिबंध : अपेक्षा किती ठेवावी?

प्रश्न : माझी मुलगी चौथीत शिकते. ३ जानेवारीच्या बालिका दिनानिमित्त शाळेने सावित्रीबाई फुले यांच्यावर निबंध घरून लिहून आणायला सांगितला आहे. तिने आपल्या मनाने दहा-बारा ओळी लिहिल्या, त्या मला तोकड्या वाटतात. इतर मुलांचे निबंध चार-चार पानांचे असतात आणि ते मोठ्यांनी लिहिल्याचे उघड दिसते. मीही तिला मजकूर सांगून लिहून घ्यावा का?
– एक पालक, सातारा

उत्तर : मजकूर सांगून लिहून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ असावा असे म्हटले आहे. त्या मर्यादेत चार पाने मुलाच्या स्वतःच्या लेखणीतून उतरणे शक्य नाही. तुमच्या मुलीसाठी एक पान, फार तर दीड पान पुरेसे आहे.

मात्र त्या एका पानात काय असावे, याची अपेक्षा जरूर ठेवा. या वयाची मुले बहुधा जन्म, लग्न, कार्य, मृत्यू अशी जंत्री करतात आणि ‘थोर’, ‘महान’ ही विशेषणे पेरतात. ते टाळायचे असेल, तर तिला सावित्रीबाईंच्या आयुष्यातला एकच प्रसंग निवडायला सांगा. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि तेथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत, हे मुलांना चटकन भिडते. पण लोक असे का वागत होते, मुली शिकल्या तर आपले काय बिघडेल असे त्यांना वाटत होते, हा प्रश्न तुम्ही विचारा आणि उत्तर तिला शोधू द्या. तिला दुसरा प्रसंग हवा असेल, तर १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र मिळवून तुम्ही तिला वाचून दाखवा. भाषा जुनी आहे, अडेल तेथे थांबून अर्थ सांगा. चारा-पाण्यावाचून मरणारी जनावरे आणि गाव सोडून निघालेली माणसे त्यात आहेत, आणि चरित्रनायिकेचे स्वतःचे शब्द वाचल्यावर मुलांचे लिहिणे खरोखर बदलते.

सनावळी थोडीच हवी. १८३१ साली नायगावात जन्म (ते तुमच्याच जिल्ह्यात आहे, जमल्यास तिला घेऊन जा), १८४८ ची शाळा आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी आलेला मृत्यू, एवढे पुरे. ही माहिती कोणत्या पुस्तकातून घेतली, हे मात्र तिने निबंधाखाली एका ओळीत लिहावे. ही सवय चौथीतच लागलेली बरी.

शुद्धलेखनाच्या चुका तिच्याकडून दुरुस्त करून घ्या, वाक्ये बदलू नका. ‘सावित्रीबाईंना राग आला असेल, तरी त्या रोज जात होत्या’ असे वाक्य तिने लिहिले, तर त्याला हात लावू नका. आणि शाळेची अपेक्षाच चार पानांची असेल, तर मुलीला रात्री जागवण्याऐवजी वर्गशिक्षकांना भेटून हे सारे शांतपणे सांगा.