फॉरेन्सिक इमेजिंग आणि अ‍ॅनालिसिससाठी हार्ड डिस्क कोणत्या घ्याव्यात? सगळ्या एसएसडीच घेतल्या तर चालेल का?

लॅब छोटी आहे, बजेट बेताचं आहे आणि एकाच प्रकारच्या डिस्कवर सगळं भागवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते भागवू नका. इमेज, म्हणजे मूळ डिस्कची बिट-न-बिट तंतोतंत प्रत, जिथे उतरवायची ती डिस्क वेगळी, जिच्यावर तपासणी करायची ती वेगळी आणि वर्षानुवर्षं कपाटात राहणार तीही वेगळी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इमेज उतरवायच्या डिस्कमध्ये. सुरुवातीला मी खिशात मावणारी पोर्टेबल डिस्क घेऊन एका ऑफिसात गेलो होतो. दोन लॅपटॉपच्या इमेज एकाच वेळी तिच्यावर घ्यायला लावल्या. पहिला अर्धा तास मस्त गेला, मग वेग सेकंदाला १५-२० एमबीवर आला आणि उरलेला वेळ कमी व्हायचा तो वाढतच गेला. रात्र तिथेच काढली. डिस्क बिघडलेली नव्हती, ती एसएमआर होती. या प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक अशाच असतात. साडेतीन इंचीमध्येही खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्या होत्या. मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात बघा आणि सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) लिहिलेलीच घ्या. रेड प्लस, आयर्नवुल्फ, तोशिबा एन३०० या सीएमआर आहेत.

क्षमता मूळ डिस्कपेक्षा मोठीच हवी. १ टीबीची रॉ (न दाबलेली) इमेज १ टीबीच्या डिस्कवर मावत नाही, कारण फाइल सिस्टीमलाही जागा लागते. ई०१ या इमेजच्या फाइल प्रकारात कॉम्प्रेशन मिळतं, पण मूळ डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर ते जवळजवळ शून्य, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. वेळेचा हिशोबही आधीच करा: सेकंदाला १५० एमबीने ४ टीबी वाचायला साधारण साडेसात तास लागतात, आणि इमेज पडताळायला जवळपास तेवढेच पुन्हा.

एसएसडीचा पैसा अ‍ॅनालिसिसच्या मशीनमध्ये घाला. इंडेक्सिंग आणि केसचा डेटाबेस लाखो छोट्या फाइली चाळतो, तिथे एनव्हीएमईने (जास्त वेगवान एसएसडीने) जीव सुखावतो. फक्त स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी एसएसडी) नको. तिची कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरली की लिहिण्याचा वेग धाडकन पडतो. आणि पुरावा एसएसडीवर ठेवून कपाटात बंद करू नका. भरपूर वापरून झालेली साधी एसएसडी वीज नसताना ३० अंशांत वर्षभर डेटा धरेल, एवढीच जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे केस किती वर्षं चालते ते तुम्हाला ठाऊक आहेच. जपणुकीला साध्या फिरत्या डिस्क घ्या, दोन प्रती करा, शक्यतो दोन वेगळ्या मॉडेलवर, आणि वर्षातून एकदा जोडून हॅश (डेटावरून काढलेला डिजिटल ठसा) पुन्हा ताडून बघा.

नवी डिस्कसुद्धा आधी पूर्ण शून्यांनी पुसा आणि त्याचा लॉग ठेवा. आधीच्या केसचा तुकडा उरला होता का, हा प्रश्न उलटतपासणीत येऊ शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश आणि कोणता अल्गोरिदम वापरला तेही लिहावं लागतं, म्हणून एसएचए-२५६ अल्गोरिदमचा हॅश इमेज घेतानाच काढा. मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर मात्र हार्डवेअरचाच घ्या. बजेट अपुरं पडलं तर एक डिस्क कमी घ्या, पण तो सोडू नका.